बाझिलचे हातमोजे

बाझिलबरोबर शिकारीला गेलेला आयझिडोर मांसाचं ओझं घेऊन, दोन दिवस चालून सकाळी एकटाच तळावर आला. बर्फ फुटलं, बाझिल नदीत गेला, मी उडी मारली तरी वाचला नाही, एवढंच बोलला. बाझिलचे हातमोजे त्याने रोझालीपुढे ठेवले, म्हणजे बाझिलच्या बायकोपुढे, आणि खाली मान घालून आपल्या तंबूत शिरला.

दुपारी तंबू उतरवायला लागले. मेलेल्याचं सामान जाळायचं आणि त्या जागेकडे पाठ फिरवून निघायचं, ही रीतच. नवऱ्याची पांघरुणं बाहेर काढता काढता रोझाली थांबली आणि हातमोजे घेऊन थेट फिलोमेनकडे गेली. तळावर काही हरवलं, कुणी खोटं बोललं, की सगळे याच म्हातारीकडे येत.

"आजी, मी प्रेत पाहिलेलं नाही. तळ हलला आणि तो जिवंत असला तर?"

शेकोटीशी फिलोमेनचा धाकटा भाऊ मोडेस्ट स्वतःच्या हातमोज्याशी झटत होता. "अक्का, हा फळीसारखा झालाय!"

"होणारच. धुरी न दिलेलं पांढरं कातडं ओलं केलंस. वाळल्यावर लाकूडच होतं त्याचं. ऊठ, चल माझ्याबरोबर."

रोझालीला घेऊन दोघं आयझिडोरच्या तंबूपाशी आली. त्याच्या अंगावर नवा कोट होता. धुरीने तपकिरी झालेलं मूसचं, म्हणजे थोरल्या हरणाचं कातडं, कडेला साळिंदराच्या काट्यांची लाल नक्षी. खांदे तेवढे पांढरे, त्यांवर मण्यांची फुलं.

"खांदे पांढरे का गं, आगात?" फिलोमेनने त्याच्या बायकोला विचारलं.

"कुजकं लाकूड संपलं, आजी. धुरी कशाची देणार? आणि ह्यांना तर भारी घाई."

"हात चांगला आहे तुझा." म्हातारीने फुलं चाचपली. कातडं तिच्या बोटांखाली अलगद दुमडलं. "आयझिडोर, हाच घालून उडी मारलीस?"

"हाच. दोनदा बुडालो. डोक्यावरून पाणी गेलं. मग शेकोटीपाशी अंगावरच वाळवला."

"आणि मोजे?"

"त्याचे हात धरून ओढत होतो. मोजेच निघून आले."

फिलोमेन रोझालीकडे वळली. दोन्ही मोजे लोकरीच्या एकाच दोरीला होते. हरवू नयेत म्हणून ती दोरी गळ्यात घालतात.

"दोरी कुठे तुटलीय का, पोरी?"

"नाही. मीच वळलीय. जशीच्या तशी आहे."

"मोडेस्ट, तुझी फळी दे ह्याच्या हातात."

आयझिडोरने मोजा घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"थोडं ओलं लागलं तर हा असा झाला," फिलोमेन म्हणाली. "तुझे खांदे दोनदा बुडाले म्हणतोस, आणि ते सशाच्या कानासारखे मऊ. तू पाण्यात गेलाच नाहीस."

"मग बाझिल एकटाच बुडाला?" मोडेस्टने विचारलं.

"अरे खुळ्या, हात ओढून मोजे निघाले तर दोरी गळ्यात अडकेल. तुटेल तरी, नाहीतर मान मोडेल. ही डोक्यावरून नीट काढून दिलीय. बुडणारा माणूस एवढा निवांत नसतो. आणि या थंडीत मोजे कोण देतो? जो आडोशाला, आगीजवळ बसलाय तो. बोल, कुठे आहे?"

आयझिडोरने मोजा मोडेस्टला परत दिला.

"शिकारीचे फास लावतो त्या वाटेवरच्या झोपडीत. पाय मोडलाय. म्हणाला, हे रोझालीला दे, ती लगेच मला न्यायला निघेल. शिकारीचं अर्धं मांस त्याला ठेवतो म्हणालो... आणि सगळं घेऊन आलो. तो परत आला तर सगळ्यांना सांगेल, आजी."

आगातच्या हातातलं गाठोडं खाली पडलं.

"लाकडं किती ठेवलीस?"

"तीन दिवसांची."

"दोन तर तुझ्या चालण्यात गेले," म्हातारी म्हणाली. "मोडेस्ट, कुत्री जुंप, रात्रभर हाकलं तर उद्या पोचू. आयझिडोर पुढे धावेल, वाट दाखवेल. मान वर करून."

रोझाली रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "कुठला पाय?"

"डावा."

तिने घसरगाडीत डाव्या बाजूला केसाळ कातडं दुमडून जाड थर केला, हाताने दाबून पाहिला आणि कुत्र्यांना हाक दिली.