धाकट्या बाईंची टाळी

हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

यातलं काहीही मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. ज्या मुलांसमोर हे घडलं त्यातली काही आता हे पेज वाचतात. खोटं लिहिलं तर तीच माझा कान धरतील.

वार शनिवार. दुपारचे सव्वातीन. आमच्या शाळेचा हॉल.

रात्र नव्हती. लाइट गेले नव्हते. खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मी शाळेत नाटक शिकवते. अकरा वर्षांपूर्वी नाट्यवर्ग सुरू केला तेव्हा सात मुलं होती. त्यातली दोन गणिताचा तास चुकवायला यायची. पुढे मुलं वाढत गेली, वीस, चाळीस, चौसष्ट. मला एकटीला झेपेना. मग शाळेने दुसरी शिक्षिका दिली. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.

मुलांनी लगेच बारसं केलं. मी मोठ्या बाई, ती धाकट्या बाई.

आठवी-नववीचा लहान गट तिच्याकडे, वरचा मोठा गट माझ्याकडे. मी तिला 'तू' म्हणायचे, ती मला 'ताई'. मी एकटी राहते. शाळा सुटल्यावर कपडेपटाच्या खोलीत दोघी फाटलेले पोशाख शिवत बसायचो. घरी जायची घाई मला कधीच नसायची, आणि ते तिला न सांगता कळायचं. "ताई, अजून एक बटण," म्हणायची, आणि तासभर थांबायची.

तिची एक सवय होती. मुलांना थांबवायचं असलं की ती ओरडायची नाही. एकच टाळी. कडक.

पस्तीस मुलं जागच्या जागी पुतळे.

मला ते कधी जमलं नाही. माझा घसा बसायचा.

हळूहळू माझ्या गटातली मुलंही शंका विचारायला तिच्याकडे जायला लागली. शिपाईकाका हसत म्हणाले, "बाई, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?" मी पण हसले. पण ते लागलं.

आणि एक दिवस, माझ्या गटाच्या प्रवेशाची तालीम चालू असताना, तिने माझ्या मुलांना थांबवलं. टाळी वाजवून.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा वर्ग मी उभा केलाय. तुम्ही इथे हाताखाली आहात. विसरू नका."

मी तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं.

ती पांढरीफटक पडली. "बरं, ताई," एवढंच म्हणाली.

त्यानंतर एकोणीस दिवस आम्ही बोललो नाही. ती डाव्या विंगेच्या दाराने यायची, मी उजव्या. कपडेपटात मी एकटीच शिवत बसायचे. रोज ठरवायचे, उद्या बोलते. विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती तिच्या घरी चहा गाळता गाळता कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

अंत्यविधीला मी मागे उभी होते. तिच्या आईने माझे हात धरले. म्हणाली, "ताई ताई करायची हो तुम्हाला."

घरी काही बोललीच नव्हती ती.

प्रयोग तीन आठवड्यांवर होता. लहान गटाचं नाटक रद्द करावं असं मी म्हटलं. तिने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. कोण कुठून येतं, कुठे वळतं, सगळं तिच्या डोक्यात. पण मुलं ऐकेनात.

"आम्हाला येतं सगळं, बाई," चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे आठवीतली सगळ्यात बुटकी मुलगी. आवाज मात्र शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा.

म्हणून त्या शनिवारी मी पहिल्यांदा लहान गटाची तालीम घ्यायला बसले. तिसऱ्या रांगेत, वही घेऊन.

पहिली दहा मिनिटं गोंधळ. पोरं एकमेकांवर आपटत होती. मी ओरडणार, तेवढ्यात...

सगळी थांबली.

पस्तीसच्या पस्तीस. एका क्षणी. एकाचा पाय हवेत तसाच.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. बाकी काही नाही.

"काय झालं? का थांबलात?"

मग चिमणी म्हणाली, "टाळी वाजली ना, बाई."

"कोणी वाजवली?"

एकदोघांनी माना खाली घातल्या.

"मी तर वाजवली नाही."

"तुम्ही नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला नाही ऐकू आली?"

नव्हती आली.

मला वाटलं, पोरं दुःखात आहेत. सवयीने थांबली असतील. मी विषय वाढवला नाही. तालीम पुन्हा सुरू केली, आणि या वेळी मुद्दाम डोळे त्यांच्यावर ठेवले. कोण कोणाला खूण करतंय ते पकडायला.

खूण कोणीच केली नाही. चार वेळा थांबली. चारही वेळा एकदम. आणि दर वेळी पस्तीस माना एकाच दिशेला वळल्या...

डाव्या विंगेकडे.

तिथे पडदा होता. पडद्यामागे भिंत आणि बंद दार.

मी उठून गेले. दाराची कडी आतून लावलेली होती. त्या अरुंद जागेत मी उभी राहिले आणि कोणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाले, "आहेस का गं?"

काही नाही. गारवा नाही, वास नाही, सावली नाही.

बाहेर आले तेव्हा कुलपं घेऊन शिपाईकाका दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुम्हालाही ऐकू आली?" मी विचारलं.

"दोनदा," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच."

त्या रात्री मी खूप रडले. भीतीने नाही, खरं सांगते. ती मुलांसाठी आली, शिपाईकाकांनाही ऐकू आली. मला सोडून.

पुढच्या सगळ्या तालमींत तेच झालं. मी खुर्चीत बसायचे आणि नाटक माझ्यासमोर आपोआप उभं राहत जायचं. मुलं विंगेकडे बघून मान हलवायची, चूक सुधारायची, कधी खुदकन हसायची. मी चोरून ऐकायचा प्रयत्न करायचे. पंखा. मुलांच्या पावलांचे आवाज. बस.

प्रयोग दुपारी चारचा होता. हॉल गच्च भरला. नाटक असं रंगलं की लोक उभे राहिले.

शेवटी सगळी मुलं रांगेत आली. बाईंना रंगमंचावर बोलवायची आमची पद्धत. मी उजव्या विंगेत उभी होते.

मुलांनी हात केले... डावीकडे.

टाळ्यांचा कडकडाट चालू होता. आणि मुलांच्या नजरा हळूहळू सरकायला लागल्या. विंगेपासून मध्यापर्यंत. कोणी चालत यावं तशा.

रांग मधोमध उघडली. एक माणूस मावेल एवढी.

मग चिमणीने मला हाक मारली. मी कशीबशी गेले. ती मोकळी जागा दिसली आणि मी तिथे उभी राहायला गेले. चिमणीने माझा पदर ओढला.

"बाई, इकडे. तिथे जागा नाही."

मी तिच्या बाजूला उभी राहिले. माझ्या डावीकडे ती रिकामी जागा. पडदा पडेपर्यंत मी समोर बघत राहिले. वळायची हिंमत झाली नाही.

नंतर कपडेपटात चिमणीच्या केसांतल्या पिना काढताना मी विचारलंच. "रागावल्या होत्या का गं त्या? माझ्यावर?"

आरशातून तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत नाही? त्या तुमच्याशीच तर बोलत होत्या, बाई. पडदा पडेपर्यंत. तुम्हीच बघत नव्हतात."

माझ्या हातातली पीन पडली.

"काय... काय म्हणत होत्या?"

"ते आम्हाला कसं ऐकू येणार? कानात बोलत होत्या तुमच्या."

याला दोन वर्षं झाली. वर्गात आता ऐंशी मुलं आहेत. नवी शिक्षिका द्यायचं शाळेने दोनदा सुचवलं, मी टाळलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

टाळी आता कोणाला ऐकू येत नाही.

पण यंदाच शाळेत नव्याने आलेली आठवीतली मुलं, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही, तालमीत शंका विचारायला माझ्याकडे येतात आणि मध्येच गप्प होतात. दोन मोठी माणसं बोलत असली की मुलं थांबतात ना, तशी. अदबीने.

माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर बघत.

मी हलत नाही. श्वास रोखून ऐकत राहते...

मला पंखाच ऐकू येतो.