नातेवाईक वाटेत

हृदय बंद पडल्यापासून चौदाव्या मिनिटाला, रुग्ण जगण्याची शक्यता वर्तवणाऱ्या हृद्पंच यंत्राच्या पडद्यावर अकरा हा आकडा होता. अशा अवस्थेतले शंभरांतले अकरा जण परत येतात, असा त्याचा अर्थ. डॉ. वृंदा आठल्येंना तेवढे पुरेसे होते. तीनावरूनही त्यांनी माणसे ओढून आणली होती.

टेबलावर कुसुम वाकोडे होत्या. याच तातडीच्या कक्षात एकवीस वर्षे मुख्य परिचारिका होत्या आणि सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. दुपारी जुन्या मैत्रिणींना लोणच्याची बरणी द्यायला म्हणून आल्या आणि जिन्यातच कोसळल्या. आधी हृदय नुसते थरथरत होते. विजेच्या तीन झटक्यांनी थरथर थांबली, संथ लय उमटली, पण नाडी काही लागेना. छातीदाब-यंत्राचा हात त्यांची छाती एका ठेक्यात दाबत होता.

"लय आहे, नाडी नाही," वृंदाताई म्हणाल्या. "म्हणजे मागे काहीतरी कारण दडलंय. रक्त गेलं असेल, क्षार वाढले असतील, गुठळी असेल. शोधा. सापडलं तर ही माणसं उठून बसतात."

तेवढ्यात फोन वाजला. नवी परिचारिका प्रणाली हिने तो घेतला. पलीकडे कुसुमताईंची एकुलती मुलगी शलाका होती.

"निघाली मी. कारंजा सोडलं. आईला सांगा ना, मी येऊन राहिली."

"सांगते ताई," प्रणाली म्हणाली आणि नोंदपटावर तिने टिपले: नातेवाईक वाटेत.

पुढच्या तपासणीत हृद्पंचाने आकडा दाखवला, शून्य पूर्णांक सहा.

वृंदाताईंना काही कळेना. श्वासातला कर्बवायू होता तितकाच होता, रक्ताभिसरण चांगले चालल्याची खूण. लय तीच, औषधे तीच. दोन मिनिटांनी पुन्हा तोच आकडा आला आणि नियमाप्रमाणे यंत्राचा हात छातीवरून उचलला गेला.

नियम वृंदाताईंच्याच समितीचा होता. लागोपाठ दोन तपासण्यांत आकडा एकाच्या खाली गेला की थांबायचे. डॉक्टरला विरोध नोंदवता येई, पण रुग्ण ओळखीचा असेल तर नाही; आपल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांना नाही तिथे आशा दिसते. हे कलम त्यांनी स्वतः लिहिले होते, आणि लिहिताना त्यांना स्वतःचे मोठे कौतुकही वाटले होते.

तरी त्यांनी दोन्ही तळहात कुसुमताईंच्या छातीवर टेकवले. पाच-सहा दाब दिले. खोलीतले सगळे खाली मान घालून उभे होते. मला आशा दिसतेय ती कुसुम आहे म्हणून, त्यांनी मनाशी म्हटले, आणि हात काढून घेतले. कारण शोधायचे राहून गेले.

तासाभराने नौशाद तांबोळी खाली आला. हृद्पंच त्याने घडवला होता.

"मॅडम, याला आम्ही वैद्यक शिकवलेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या कक्षाच्या अकरा वर्षांच्या नोंदी दिल्या, बस. काय काय लिहिलं होतं आणि शेवटी माणूस जगला की गेला, एवढंच तो जुळवतो."

"मग आकडा अकरावरून एकाच्याही खाली कसा गेला? बदललं काय?"

"एकच गोष्ट." त्याने नोंदपटावर बोट ठेवले. "हा शेरा. जुन्या नोंदींत तो सहाशे बारा वेळा आलाय, आणि त्यातला एकही माणूस जगलेला नाही. नातेवाईक निघाले म्हणून कोणी मरतं का, मॅडम? मला तर याचा काही मेळ लागत नाही."

वृंदाताईंना मेळ लगेच लागला. त्या खुर्चीत बसल्या.

ती रीत त्यांनी आणि कुसुमताईंनीच पाडली होती. सगळे संपलेले असे, औषधे बंद झालेली असत आणि मुलगा कुठेतरी रस्त्यात असे. मग वृंदाताई हलक्या आवाजात म्हणत, "कुसुम, वाट पाहू." नुसते हात चालू ठेवायचे. मुलगा दारात आला की त्याला आईवरची पांढरी चादर दिसू नये, तिच्यासाठी झटणारी माणसे दिसावीत, एवढ्यासाठीच. अशा वेळी कुसुमताई टिपून ठेवत, नातेवाईक वाटेत. ज्यांच्यासाठी खरोखर झुंज चाललेली असे, त्यांच्या वेळी हे लिहायला सवड कुणाला होती? फोन आला की नोंद करायची, एवढेच पुढे प्रणालीपर्यंत पोचले.

हृद्पंचाची काही चूक नव्हती. त्यांनी जे लिहून ठेवले, ते त्याने वाचले. आतापर्यंत या शेऱ्यामुळे आणखी किती जणांच्या छातीवरून यंत्राचा हात उचलला गेला, हे नौशादला विचारायचे त्यांना धैर्य झाले नाही.

दार उघडून शलाका आत आली. चादर पाहून ती थबकली. मग खुर्ची ओढून आईच्या पायाशी बसली.

"मी फोन केला होता," ती म्हणाली. "मी निघाली म्हणून आईला कोणी सांगितलं ना?"

नौशादने मान फिरवली. प्रणाली वृंदाताईंकडे पाहत राहिली.

"लगेच नोंद केली होती," वृंदाताई म्हणाल्या.

"मग बरं झालं," शलाका म्हणाली आणि आईचे पाय चेपू लागली.