अपेक्षेचा रकाना

"म्याडम, माही फाइल उघडली का?"

सकाळपासूनचा हा सतरावा फोन होता आणि आचलच्या पोटात अजून चहासुद्धा गेला नव्हता. अमरावतीच्या त्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फायलींच्या ओझ्यानं एका अंगाला कललेलं कपाट... एवढ्यावर महादेवरावांचं वधू-वर परिचय केंद्र चालायचं. महादेवराव म्हणजे आचलचे वडील. तहसीलीतून रिटायर झाले, घरी करमेना, म्हणून समाजसेवा काढली. सेवा वडिलांची, टायपिंग लेकीचं! दर डिसेंबरात अकोल्याला मेळावा भरायचा आणि त्याआधी सगळ्या मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका छापावी लागायची. यंदा, दोन हजार सात साली, वडिलांनी जाहीर करून टाकलं होतं की बायोडाटा फक्त ई-मेलनंच स्वीकारले जातील. ई-मेल कशाशी खातात हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, पण जाहीर केलं खरं.

"कोण बोलताय आपण?" आचलनं तिचा केंद्राचा आवाज लावला. गोड, सपाट आणि थकलेला.

"मी कुलदीप. अकोटहून बोलून राहिलो. तीन येळा फाइल पाठवली जी. तुमच्याकडून उत्तरच नाही."

तिनं मेल उघडला. खाली फाइल दिसत होती, पण क्लिक केलं की कॉम्प्युटर उलट तिलाच विचारायचा... ही कशात उघडू? तिनं वर्डमध्ये उघडून पाहिली. पडदाभर नुसते चौकोनच चौकोन.

"काय दिसून राहिलं?" त्यानं विचारलं.

"चौकोन."

"किती?"

"अहो, मोजू का आता?"

"मोजा नं. मी एका तासाचे पैसे भरून बसलो हाय इथं क्याफेत. अजून अर्धा तास बाकी हाय."

आचलला हसू आलं. तिचं तिलाच नवल वाटलं, कारण दिवाळीच्या झाडझुडीपासून तिला कुठल्याच गोष्टीवर हसू आलेलं नव्हतं. तेवढ्यात लाइन गेली. अकराला जायची ती दोनला यायची. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि फोन तेवढा चालू राहिला.

"लाइन गेली वाटते तुमची," तो म्हणाला. "आमची आत्ताच आली. पाहा, आपलं काही जमून नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं क्याफेवाल्याकडून फाइलचं नाव बदलून पाठवली. पुन्हा चौकोन. तिसऱ्या दिवशी झिप करून पाठवली, ती अर्ध्यातच तुटली. चौथ्या दिवशी आचलनं वैतागून विचारलं, "ही फाइल बनवली कोणी, ते तरी सांगा."

मग फोनवर इनायतुल्लाभाई आले. अकोटच्या स्टँडाजवळ त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, आणि बायोडाटा त्यांनीच केला होता. "बेटा, फाइल एकदम बराबर हाय. कोरलड्रॉमधी केली. वर गणपती, बाजूले तोरण, खाली केळीचे खांब. उघडत कशी नाही?"

"चाचा, ते पत्रिकेचं सॉफ्टवेअर आहे! माझ्या घरच्या कॉम्प्युटरात ते नाहीच. बायोडाटा कोणी त्यात करतं का?"

भाईंच्या हातून कुलदीपनं फोन घेतला. "मी बी तेच म्हटलं त्याइले. तं ते म्हणे, आज ना उद्या पत्रिका छापायचीच हाय, डिझाइन तयार राहीन!"

आता मात्र आचल इतकी हसली की आतून महादेवराव डोकावून गेले.

"राहू द्या ती फाइल," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

नाव झालं, जन्मतारीख झाली. वर्ण विचारल्यावर तो म्हणाला, "कोणत्या महिन्यातला? दिवाळीत बरा असतो, मे महिन्यात विचारू नका." शिक्षण बी.एस्सी. कृषी.

"व्यवसाय?"

"शेती."

आचलची बोटं थांबली. हा रकाना आला की ती दरवर्षी थांबायची. त्या वर्षांत वऱ्हाडातला पेपर उघडायचा म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाचायला काळजावर दगड ठेवावा लागायचा. पेपर वाचून मुलींच्या आया केंद्रात फोन करायच्या आणि नावाच्याही आधी सांगायच्या, "शेतकरी नको बाई, काहीबी कर." मग मुलांच्या आया फोन करायच्या आणि नुसत्या रडायच्या. दोघींचं ऐकून ऐकून आचलचे कान, मान, मन सगळं दुखायला लागलं होतं.

"मी... शेतीविषयक सल्लागार लिहू का?" तिनं हळूच विचारलं. "खरं सांगते, दोनशे चाळीस मुलींचे फॉर्म आहेत माझ्याकडे. दोनशे जणींनी स्वच्छ लिहिलंय, शेतकरी नको."

"सल्लागार? माहे बैल बी माहा सल्ला ऐकत नाहीत जी." तो हसला. "नाही, शेतीच लिहा. अकोल्यात नोकरी होती, बियाण्याच्या कंपनीत. मीच सोडली. मले वावरात बरं वाटते. लपवून पोरगी आणली तं ती जन्मभर मले चोरावानी पाहीन."

तिनं शेती लिहिलं. उगाचच जरा जाड टाइपात लिहिलं.

"आणि अपेक्षा?"

"अपेक्षा..." त्यानं विषयच बदलला. "तुमी दमल्या वाटते आज. आवाज पार बसला तुमचा. जेवल्या का?"

दुपारचे साडेतीन झाले होते. आचल जेवली नव्हती. आणि गंमत पाहा, अकरा मुलं तिला पाहून गेली होती, त्यांतल्या कुणी उंची विचारली, कुणी पगार, कुणी चष्म्याचा नंबरसुद्धा, पण जेवलीस का हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. तिनं घाईघाईनं "अपेक्षा नाही" असं टाइप केलं आणि फोन ठेवून दिला.

काम तर संपलं होतं. पण दुसऱ्या संध्याकाळी फोन आलाच.

"जन्मवेळ सांगतली होती का मी?"

"सांगितली होती."

"अन् रक्तगट?"

"तो रकानाच नाही."

"पाहिजे नं पण. तुमी सूचना देऊन पाहा."

असं सुरू झालं. कधी उंचीत फरक निघे, कधी मामाच्या गावाचं नाव. मग फरक निघायचे थांबले आणि फोन तेवढे येत राहिले, रोज साडेसातला. एकदा उशीर झाला तर तो म्हणाला, "आज सीतादही होती. कापसाच्या वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभात ठेवतात, ती पूजा. मायनं तुमच्या वाटचा बी ठेवला."

"माझ्या वाटचा कशाला?"

"कोणाशी बोलतो रोज, असं मायनं विचारलं. म्हटलं, केंद्रातल्या म्याडम हायेत, जेवणाची आठवण करावी लागते."

त्या रात्री आचल वेळेवर जेवली. तिचा केंद्राचा आवाज कधी गळून पडला आणि ती "काहून?" अन् "मले काय मालूम!" असं घरच्यासारखं कधी बोलायला लागली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. साडेसातला लाइन असो-नसो, ती फोनपाशी असायची. प्रेमात पडले, हे तिनं स्वतःशी कबूलही करून टाकलं. एकोणतिसाव्या वर्षी लाजायलासुद्धा दम लागतो.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी पुस्तिकांचे गठ्ठे आले. आठशे प्रती, शिवून तयार. आचलनं एक प्रत उघडली, त्याचं पान आधी शोधलं, पाहिलं, मग नुसती चाळत बसली. आणि एकेचाळिसाव्या पानावर तिला धस्स झालं.

क्रमांक एकशे बारा. आचल महादेवराव. बी.कॉम. अपेक्षा: नोकरदार. शेतकरी नको.

तिनंच टाइप केलं होतं ते, दोन वर्षांपूर्वी. तिची शाळेतली मैत्रीण जयवंता सत्तावीस वर्षांची असताना विधवा झाली, त्या आठवड्यात. जयवंताच्या नवऱ्याचं नाव पेपरात होतं. त्या दिवशी आचलनं ती ओळ लिहिली, आणि मग दरवर्षी जुनं पान कॉपी होऊन नव्यात येत राहिलं. शेकड्यांनी लोकांच्या ओळी दुरुस्त केल्या बाईनं, स्वतःचं पान तेवढं उघडून पाहिलं नाही! आणि परवा तो येणार होता. पुस्तिका त्याच्या हातात पडली की तो ती ओळ वाचणार, आणि साडेसातचा फोन कायमचा बंद होणार.

तिनं काय केलं म्हणता? एका प्रतीतून एकेचाळिसावं पान अलगद फाडलं आणि ती प्रत पर्समध्ये जपून ठेवली. थकलेल्या माणसाला याहून शहाणपणाचं काही सुचत नाही.

अकोल्याच्या मंगल कार्यालयात सकाळपासून नुसती झुंबड होती. मुली मावश्यांच्या मागे, मुलं स्वतःच्या रुमालांमागे. नोंदणीच्या टेबलापाशी एक उंच, सावळा मुलगा येऊन उभा राहिला. पांढऱ्या शर्टावर पेटीतल्या घड्या दिसत होत्या, आणि बोटांवर कापूस वेचताना पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांनी काढलेले ओरखडे.

"चौकोन मोजले का जी?"

आचलनं वर पाहिलं... आणि पेनाचं टोपण तिच्या हातून खाली पडलं. त्यानं वाकून ते उचललं, टेबलावर ठेवलं, आणि दोघंही त्या टोपणाकडेच पाहत राहिले.

"आवाजावरून मले तुमी जाड वाटल्या होत्या," तो म्हणाला.

"आणि मला तुम्ही गोरे."

"वेचणीचे दिवस हायेत, जरा समजून घ्या."

तिनं पर्समधली प्रत काढून दिली. तो बापडा खुर्चीवर जाऊन बसला. वीस मिनिटं झाली नाहीत तोच परत आला.

"माह्या पुस्तिकेत चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस हाय."

"छापखान्याची चूक."

"मंग दुसरी द्या."

"संपल्या."

तिच्या पाठीमागे चार गठ्ठे होते. त्यानं गठ्ठ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आचलनं मुकाट्यानं एक प्रत काढली आणि त्याच्या हातात ठेवली. त्यानं उभ्यानंच पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं असावं, कारण फार वेळ लागला.

"तुमचं नाव यात हाय, हे तुमी सांगतलंच नाही."

"मी... ते जुनं आहे."

"बरोबर हाय तुमचं." तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो अगदी शांत होता. "माह्या बहिणीसाठी मी बी हेच लिहिलं होतं. याच केंद्रात, दोन साल झाले. शेतकरी नको. वर्ध्याच्या मास्तराले दिली तिले. मी कोणत्या तोंडानं रागावू?" त्यानं पुस्तिका नीट मिटून टेबलावर ठेवली. "तीनची गाडी हाय अकोटची. उद्या वेचायले बाया सांगितल्या हायेत. जेवून घ्या."

आणि तो निघाला. गर्दीतून वाट काढत, कुणाला धक्का न लावता.

स्टेजवर महादेवराव माइकवर मुलांचे नंबर पुकारत होते. एकेक जण यायचा, नाव, गाव, व्यवसाय, अपेक्षा सांगून उतरायचा. आचल या स्टेजवर कधीच चढली नव्हती. मी व्यवस्थापक, असं म्हणून दरवर्षी सुटायची. आज ती टेबल तसंच टाकून पायऱ्या चढली आणि वडिलांच्या हातातून तिनं माइक काढून घेतला.

"क्रमांक एकशे बारा," ती म्हणाली. कार्यालयाबाहेर, रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या भोंग्यातूनही तिचा आवाज गेला. "पान एकेचाळीस. त्यात शेतकरी नको असं लिहिलंय. ते मी लिहिलं. भीतीनं लिहिलं. भीती अजून गेली नाही, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांनी पेन घ्या आणि ती ओळ खोडा. मले... जेवली का म्हणून विचारणारा पाहिजे. तो शेतकरीच असला तं बरं."

कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, एक मावशी डोळ्याला पदर लावून बसल्या. महादेवराव आ वासून उभे होते. आचलला पुढचं काहीच दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मग गर्दी मधोमध फाकली आणि पांढरा शर्ट स्टेजकडे येताना दिसला. धावतच येत होता. दारापर्यंत पोचला होता म्हणे.

तो स्टेजवर चढला. महादेवरावांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, लेकीच्या हातातला माइक घेऊन त्याच्यासमोर धरला.

"नाव?"

"कुलदीप केशवराव."

"व्यवसाय?"

"शेती."

"अपेक्षा?"

"एकशे बारा."

कार्यालय दणाणून गेलं. महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माइक बंद करायचं भान त्यांना कुठलं! साऱ्या मांडवानं ऐकलं.

"आचल, हा कोन हाय वं?"

आचलनं डोळे पुसले आणि वडिलांकडे सरळ पाहिलं.

"शेतकरी हाय, बाबा," ती म्हणाली.