एकशे शहाण्णवची वाट

जे आजवर घडले नाही ते कधीच घडणार नाही, असे स्वतःपुरते मानणे ही माणसाची दुर्बलता म्हणून क्षम्य आहे. परंतु त्याच समजुतीवर दुसऱ्याचे आयुष्य टांगून ठेवणे क्षम्य नाही. शाल्मली सप्रे हिला हे मिरजेतल्या आपल्या घरी, न्याहारीच्या वेळी उमगले.

"नको, एकच पुरे," वडील म्हणाले. थालीपीठ अजून तव्यावरच होते. तिने काही विचारलेही नव्हते. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "आज खायला काय गं?"

तिच्या हातातले उलथने थांबले.

वडिलांच्या, म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक त्र्यंबकराव यांच्या, कानामागे तिनेच घडवलेला स्मृतिसेतू बसून सहा वर्षे झाली होती. स्मृती गमावलेल्या माणसाच्या प्रत्येक क्षणावर हे यंत्र एका संख्येची मोहोर उमटवी. संख्या उलटी लिहून मूळ संख्येत मिळवली, की पुढची मोहोर तयार. सत्तावन्नात पंचाहत्तर मिळवले की एकशे बत्तीस. त्यात दोनशे एकतीस मिळवले की तीनशे त्रेसष्ट, दोन्हीकडून सारखीच, म्हणजे गतप्रत्यागत संख्या. अशा मोहोरेवरून आधी काय आणि नंतर काय, हे यंत्राला ओळखता येत नसे. म्हणून शाल्मलीने आरंभाला एकशे शहाण्णव घेतली होती. तिची वाट अशा जागी पोचलेली कुणी कधी पाहिली नव्हती.

तिने यंत्र रोखून धरले. दीड अब्ज अंकांची संख्या झाली होती. एरवी दोन्ही टोकांचे चार-पाच अंक जुळत. आज चाळीस कोटी जुळत होते, म्हणूनच यंत्र आधी-नंतर चुकू लागले होते.

"बाबा, मी एक अब्ज अंकांपर्यंत तपासलं होतं."

"आणि सिद्धता?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"अर्धे गुण," ते हसले. "सिद्धतेच्या जागी उदाहरणं लिहिणाऱ्याला मी तेवढेच देत असे. लेक म्हणून सूट नाही."

"नवी संख्या घातली तर धोका टळेल. पण ही सहा वर्षं पुसली जातील."

त्यांचे हसू मावळले. सेतूपूर्वी ते तासातासाला विचारत, कुमुद कुठे आहे. शाल्मली तासातासाला आई गेल्याचे सांगे, आणि प्रत्येक वेळी ते नव्याने रडत.

"पुढची बेरीज केली तर?"

"कदाचित सुटू. नाहीतर सगळं उलटसुलट होईल."

"आणखी किती जणांना बसवलायस?"

"बावीसशे. तुमचा पहिला, म्हणून तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात."

"मग आधी त्यांना कळव."

तिने लिहिले: एकशे शहाण्णवची हमी मी दिली होती, ती देण्याचा मला अधिकार नव्हता. संदेश बावीसशे घरी गेला.

"आता कर बेरीज. मागच्यांना कळू दे वाट कुठे जाते ते. आणि खरं सांगू? मलाही बघायचंय."

तिने कळ दाबली. यंत्र दोन्ही टोकांकडून मध्याकडे अंक जुळवत निघाले. चाळीस कोटी. पन्नास. साठ. ते थांबेना.

त्र्यंबकराव दाराकडे पाहून अर्धवट उठले. "ये ना कुमुद," ते शांतपणे म्हणाले, "बाहेर का उभी?"

शाल्मलीने दाराकडे पाहिले नाही. मध्य अजून आला नव्हता. ही दोन टोके मिळाली, तर बाबा कोणत्या काठावर उभे असतील?

त्या बापलेकीचे, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या बावीसशे जणांचे, आधीचे आधी राहो आणि नंतरचे नंतरच येवो.