महागावचा रोख

हसायचं असेल त्यानं इथंच थांबावं. हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. देवाशपथ खरं आहे.

साल १९६३. भाद्रपद. दिग्रसच्या बाहेर एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची मातीची धावपट्टी होती. दुपारचे तीन वाजले होते.

माझे काका श्रीकृष्ण हे शेठच्या छोट्या विमानाचे मेकॅनिक. काकू कुंदा बाळंतपणाला दवाखान्यात अडलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. "संध्याकाळच्या आत नागपूर गाठा. नाहीतर दोघंही हाती लागणार नाहीत."

नदीला पूर. एस.टी. बंद.

राहिलं ते विमान.

आणि नेमकं तेच दिलेला रोख धरत नव्हतं!

सकाळीच पायलट देवीलाल वर जाऊन आला होता. त्यानं ऑटोपायलटला ईशान्येची दिशा दिली, नागपूरची. विमान थोडं सरळ गेलं... आणि आपोआप उजवीकडे वळायला लागलं.

दक्षिणेला. महागावकडे.

तीनदा दिशा दिली. तिन्ही वेळा तेच.

"श्रीकृष्णभाऊ, इतक्या ढगात निस्तं हातानं नेणं माह्या बसचं नाही," देवीलाल म्हणाला. "ऑटोपायलट नीट करा. तरच वहिनीला घेऊन जातो."

काकांनी शर्ट काढून फेकला आणि कामाला लागले. जमिनीवर चुन्यानं दिशा आखलेल्या होत्या. शेपटी धरून विमान एकेका रेघेवर फिरवलं. प्रत्येक रेघेवर होकायंत्र चुकीचं दाखवत होतं.

म्हणजे जवळपास कुठंतरी लोखंड आहे.

त्यांनी पॅनेल उघडलं. आत ऑटोपायलटचा जायरो असतो, रोख धरून ठेवणारं चाक, भोवऱ्यासारखं फिरतं. त्याच्या डबीला...

काळ्या दोऱ्यानं घोड्याची नाल बांधलेली.

"उकंडा!" काका ओरडले.

चौकीदार उकंडा धावत आला. नाल पाहून त्याचं तोंड उतरलं.

"साहेब, हात जोडतो, थे काढू नोका. शंकरसिंगले बांधून ठेवलं म्या."

शंकरसिंग म्हणजे आधीचा पायलट. मागच्या साली शेठचं जुनं विमान घेऊन महागावजवळच्या एका शेतात पडला. जागीच गेला. मोडक्या विमानातून हा जायरो धड निघाला होता. शेठ म्हणाले, चालू आहे ना, मग लाव.

लावला कोणी? काकांनीच.

"तुले काय अक्कल आहे का रे? नालेनं होकायंत्र बिघडते!"

"बिघडू द्या साहेब. तो तिकडंच पाहून राह्यला."

काकांनी दोरा तोडला. होकायंत्र लगेच ठिकाणावर आलं. चारही दिशा बरोब्बर. इंजिन चालवून पाहिलं, बंद केलं, बाहेर येऊन टेकले.

इंजिन बंद झालं की जायरो दहाएक मिनिटांत थांबतो.

पंधरा मिनिटं झाली.

आतून बारीक गुणगुण येतच होती...

अर्धा तास झाला. काकांनी डबीला कान लावला. चाक जोरात फिरत होतं. आणि समोरचं सुकाणू, कोणीही हात न लावता, हळूच उजवीकडे वळलं...

तेवढ्यात जीप आली. काकू मागे आडवी, पांढरीफटक. तिनं काकांचं मनगट धरलं. "अहो, मला मरू देऊ नका हो."

देवीलालनं विचारलं, "फॉल्ट सापडला?"

काकांनी पॅनेल बंद केलं. सोबत जायलाही जागा नव्हती.

"सापडला," ते म्हणाले. "जा. सरळ जाईल."

विमान ढगात शिरलं. काका कान देऊन उभे राहिले. आवाज लांब गेला... आणि उजवीकडे सरकल्यासारखा वाटला... मग काहीच नाही.

ते तिथंच चिखलात बसले आणि लहान लेकरासारखे रडले.

साडेसहाला जिनिंगच्या ऑफिसात ट्रंककॉल आला. पोचले! मुलगी झाली, दोघी सुखरूप.

"भाऊ, काय नीट केलं तुम्ही!" देवीलाल म्हणाला. "ढगात शिरल्यावर एकदा वळलं. मग एकदम सुतासारखं. बोटही लावावं लागलं नाही."

विमान परत आलं तेव्हा जायरो गप्प होता. कितीही इंजिन चालवा, चाक फिरेना. उघडून पाहिलं, काही मोडलेलं नव्हतं.

पुढचं काकांनी मला फार उशिरा सांगितलं.

बाळाची मान सारखी एकीकडे वळायची. सरळ केली की परत तिकडेच. नागपूरच्या दवाखान्यात नैर्ऋत्येला. यवतमाळला काकूच्या माहेरी आणल्यावर दक्षिणेच्या जरा पश्चिमेला. पाळणा फिरवा, खोली बदला... मान फिरून तिकडंच.

एक दिवस काकांनी होकायंत्र पाळण्याशी धरलं. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून पेन्सिलीनं रेघा ओढल्या.

महागावजवळच्या त्या शेतात दोन्ही एकमेकींना भेटल्या.

"यंत्र असतं तर उघडून पाहिलं असतं रे," काका मला म्हणाले. "पोरीला कुठून उघडू?"

काका गेले. काकूही गेली. त्या पोरीला, आमच्या रजनीताईला, यातलं अक्षर कोणी सांगितलेलं नाही.

परवा ती आमच्याकडे जेवायला आली होती. जेवता जेवता सहज म्हणाली, "काय रे, महागावकडे आपलं कोणी होतं का?"

मी नाही म्हटलं.

ती दक्षिणेकडच्या खिडकीबाहेर पाहत होती. ताटातलं तसंच गार झालं.