क्रियापदाच्या आधी

"अडचण यंत्राची नाही, मराठीची आहे," डॉ. इरावती गुर्जर म्हणाल्या.

पुण्यातल्या भाषातंत्र संस्थेच्या ध्वनिबंद खोलीत तिघं बसले होते. इरावती या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांच्यासमोर प्रकल्पाचे परीक्षक डॉ. नाडगौडा, ज्यांची सही झाल्याशिवाय यंत्र बाजारात जाणार नव्हतं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आपण इथे का आहोत हे नीटसं न कळलेले, संस्थेचे ग्रंथपाल सुधन्वा टिपणीस.

"मराठीची काय अडचण?" नाडगौडांनी विचारलं.

"एक वाक्य बोलते. तुमचं म्हणणं मला सगळ्या बाजूंनी विचार केल्यावर अगदी मनापासून मान्य—" इरावती थांबल्या. "आता सांगा. मान्य आहे की नाही?"

"तुम्ही पुढे बोलल्याशिवाय कसं सांगू?"

"नेमकं हेच! आपल्याकडे क्रियापद शेवटी, आणि 'नाही' तर त्याच्याही मागे. पोर्तुगीजमध्ये 'नाही' वाक्याच्या तोंडाशीच येतं. त्यामुळे आजवरची सगळी अनुवादयंत्रं मराठी माणसाचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहतात, आणि तोवर समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो. आमचं यंत्र गप्प राहत नाही. ते शेवट ओळखतं."

त्यांनी पानाच्या डबीएवढी एक राखाडी वस्तू टेबलावर ठेवली. तिचं नाव होतं अंतवेधी.

"हे आधी माणसाचं बोलणं एकवीस दिवस ऐकतं," इरावती म्हणाल्या. "तो कुठे थांबतो, कशाला हो म्हणतो, कशाला नाही, हे शिकतं. पुढेही प्रत्येक वाक्यातून शिकत राहतं. अर्धं वाक्य ऐकलं की उरलेलं स्वतः पुरं करून परभाषेत बोलून टाकतं."

"आणि चुकलं तर?"

"तर 'माफ करा, म्हणजे' असं म्हणून दुरुस्त करतं. प्रयोगशाळेत लोकांना वाक्यं वाचायला दिली होती. हजारात सत्तर वेळा चुकलं."

नाडगौडांनी टिपणीसांकडे पाहिलं. "आणि प्रवासातल्या चाचणीला हेच का?"

इरावतींनी आवाज जरा खाली आणला, पण खोली ध्वनिबंद असल्यामुळे टिपणीसांना सगळं ऐकू आलं. "त्यांची मुलगी पोर्तुगालमध्ये असते, ते तिकडे निघालेच आहेत. शिवाय एकवीस दिवसांत टिपणीस सहा हजार वाक्यं बोलले. त्यात त्यांनी चार वेळा नकार दिला. तीन वेळा मांजराला, एकदा चुकून लागलेल्या फोनला. ओळखायला इतका सोपा माणूस सापडणार नाही."

"तुमची तयारी आहे ना, टिपणीस?" नाडगौडांनी विचारलं.

टिपणीसांना नकोच होतं. "म्हणजे मला खरं तर..." ते म्हणाले. दोघंही आशेने बघत होते. "...आवडेल," त्यांनी वाक्य संपवलं.

*

टिपणीस पोर्तुगालला फिरायला चालले नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता तिथे सागरी पवनचक्क्यांवर काम करत होती आणि दुआर्त नावाच्या सहकाऱ्याशी लग्न करणार होती. टिपणीसांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली होती. ऋजुता परत येईल या भरवशावर त्यांनी तिची खोली, तिचं टेबल, तिची सायकलसुद्धा पुसून ठेवली होती. हे लग्न झालं की ती कायमची तिकडची होणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ठरवलं होतं, की आपण जायचं आणि दुआर्तच्या आईसमोर स्पष्ट सांगायचं. विमानात त्यांनी वाक्यसुद्धा घोटून पाठ केलं: हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत नाही.

पोर्तोच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या लहानशा गावात ते उतरले. कानात एक मणी बसवला की समोरच्याचं पोर्तुगीज मराठीत ऐकू येई. आपलं मराठी मात्र अंतवेधी मोठ्याने पोर्तुगीजमध्ये बोलून दाखवी.

पहिल्या दुपारी खाणावळीत वेटरने सांगितलं, की आज ऑक्टोपस फार ताजा आहे. टिपणीस म्हणाले, "ऑक्टोपस मला चाल..." तेवढ्यात खिशातून यंत्र खणखणीत बोललं. वेटरचा चेहरा उजळला, त्याने स्वयंपाकघराकडे पाहून आरोळी ठोकली, आतून कुणीतरी टाळी वाजवली. "...तो," टिपणीस क्षीण आवाजात म्हणाले. आठ हातांचा तो प्राणी बटाट्यांच्या मध्ये बसून समोर आला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला.

न्हाव्याकडे त्यांचं "मिशी काढायची..." एवढंच झालं होतं. तीस वर्षांची मिशी अर्ध्या मिनिटात गेली. त्यांनी उरलेलं वाक्य आरशाकडे बघून पूर्ण केलं: "...आहे."

तशा बोडक्या ओठानिशी ते दुसऱ्या दिवशी दुआर्तच्या घरी पोचले. दुआर्तची आई ग्रासा ही साठीची, रुंद खांद्यांची बाई. चाळीस वर्षं तिने सार्डिन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून काम केलं होतं, आणि अजूनही ती यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवावा तशी बोले. ती ताठ बसली होती. ऋजुता आणि दुआर्त बाजूला, कॉफीच्या कपांशी चाळा करत.

टिपणीसांनी घसा साफ केला. "ग्रासाबाई, हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाट..."

यंत्र बोललं. बोललं तेही फार गोड आवाजात.

ग्रासा उठली. तिचे डोळे भरून आले होते. टेबलाला वळसा घालून ती आली, तिने टिपणीसांना खुर्चीसकट मिठी मारली आणि दोन्ही गालांची मोठ्ठ्या आवाजात चुंबनं घेतली. कानातला मणी सांगत होता, "किती मोठं मन! किती मोठं मन!"

तिच्या खांद्यात तोंड दबलेलं असताना टिपणीस म्हणाले, "...तं."

ऋजुता त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ती काहीच बोलली नाही.

*

पुण्यात पाचव्या दिवशीचा अहवाल आला तेव्हा इरावती जवळजवळ धावतच नाडगौडांच्या खोलीत गेल्या. "एक हजार एकशे बारा वाक्यं. चुका शून्य!"

"शून्य?" नाडगौडांनी चष्मा काढला. "प्रयोगशाळेत सत्तर आणि रस्त्यावर शून्य? परीक्षेत घरचा अभ्यास करून गेलेला मुलगासुद्धा एवढे गुण मिळवत नाही. आवाज ऐकवा."

दोघांनी तासभर ध्वनिमुद्रण ऐकलं. ऑक्टोपसपाशी नाडगौडांनी हात वर केला. "पुन्हा लावा. 'चाल' आणि 'तो' यांच्यात किती वेळ गेला?"

"तीन सेकंद."

"त्या तीन सेकंदांत काय काय ऐकू येतंय? यंत्र बोललं, वेटर ओरडला, टाळी वाजली. मग टिपणीसांनी 'चालतो' म्हटलं. इरावती, प्रयोगशाळेत माणसं भिंतीकडे बघून वाक्यं वाचत होती. भिंत मिठी मारत नाही. इथे समोरच्याने ऐकून घेतलेलं असतं, तो खूश झालेला असतो, आणि बोलणाऱ्याचं वाक्य अजून बाकी असतं. तुमचं यंत्र शेवट ओळखत नाहीये, ते शेवट ठरवतंय."

इरावतींनी ध्वनिमुद्रण बंद केलं. मग त्यांनी टिपणीसांना फोन लावला.

"टिपणीस, खरं सांगा. त्या लग्नाला तुमचा होकार होता?"

पलीकडे समुद्राचा आवाज आला. "तसा माझा... म्हणजे तुमच्या प्रकल्पाला त्रास होत असेल तर..."

"आमच्या प्रकल्पाचं सोडा!"

"नव्हता," टिपणीस म्हणाले.

नाडगौडांनी फोन घेतला. "ऐका. 'नाही' शेवटी येतं, पण पुढे आणलं तर मराठी काही तक्रार करत नाही. 'मला कॉफी नको' म्हणू नका. 'नको मला कॉफी' म्हणा. 'नाही' आधी कानावर पडलं की यंत्राला अंदाज करायला जागाच उरत नाही."

टिपणीसांनी सराव सुरू केला. आधी बागेत, एका बाकासमोर. मग खाणावळीत: "नको मला ऑक्टोपस!" वेटर नुसता "बरं" म्हणाला आणि आमलेट घेऊन आला. जगबुडी झाली नाही. टिपणीसांना एवढं नवल वाटलं, की त्यांनी पाठोपाठ पाव, मीठ आणि पाण्याची बाटलीही नाकारली. दोन दिवस ते मिळेल ती गोष्ट नाकारत फिरले. त्यांनी नावेतून फेरी मारणं नाकारलं. न्हाव्याने दारातून हाक मारली तेव्हा त्यालाही, रस्ता ओलांडून जवळ जाऊन, नकार दिला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांची चालच बदलली होती. अंतवेधी हे सगळं शिकत होतं.

मग ते एकटेच ग्रासाकडे गेले. ती अंगणात शेंगा निवडत बसली होती.

"नाही वाटत मला," टिपणीस उभ्याउभ्याच म्हणाले, "हे लग्न व्हावं असं. नव्हतंच वाटत. त्या दिवशी यंत्राने माझ्याआधी होकार दिला, आणि तुम्ही इतक्या आनंदात होता, की तो मागे घ्यायची माझी छाती झाली नाही."

ग्रासाने हातातली शेंग खाली ठेवली. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"आनंदात?" ती ओरडली. "मी त्या दिवशी नाही म्हणायला बसले होते! ही मुलगी एक दिवस माझ्या दुआर्तला भारतात घेऊन जाणार, हे मला दिसत होतं. भाषण तयार होतं माझं. पण तुम्ही पाहुणे, तुम्हाला आधी बोलू दिलं. आणि इतक्या लांबून आलेला माणूस पहिल्याच वाक्यात एवढं मोठं मन दाखवतो म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी रडले ती लाजेने!"

टिपणीस बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी एक शेंग उचलली आणि तेही निवडू लागले.

त्यानंतर आठवडाभर ते रोज दुपारी तिथे जात. दोघं मिळून या लग्नाविरुद्धची सगळी कारणं काढत, आणि एकाचं कारण दुसऱ्याला लगेच पटे. घर रिकामं होईल. सणाला कोण येणार? आजारपणात कोण बघणार? टिपणीसांनी ऋजुताच्या पुसून ठेवलेल्या सायकलबद्दल सांगितलं. ग्रासाने त्यांना आत नेऊन दुआर्तचे शाळेतले फुटबॉलचे बूट दाखवले, तेल लावून ठेवलेले. टिपणीस भराभर बोलत नसत. ग्रासा हात मांडीवर ठेवून त्यांचं वाक्य संपायची वाट बघायला शिकली. आठवड्याच्या शेवटी दोघांच्याही लक्षात आलं, की कारणं संपली आहेत आणि त्यातलं एकही मुलांबद्दल नाही.

त्या संध्याकाळी ऋजुता त्यांना न्यायला आली, तेव्हा परतीच्या वाटेवर टिपणीसांनी तिला सगळं सांगितलं. चालता चालता ती थांबली.

"मला माहीत होतं, बाबा. मला दोन्ही भाषा कळतात ना. यंत्राने हो म्हटलं तेव्हा तू अजून 'वाट'वरच होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तोच शेवट हवा होता," ती म्हणाली आणि रडायला लागली. टिपणीसांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "आता मलाही हवा आहे. माझा स्वतःचा."

*

लग्न गावच्या नोंदणी कार्यालयात झालं. तीस-पस्तीस माणसं, निम्मी सार्डिनच्या कारखान्यातली. निबंधक बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, की कुणाला काही सांगायचं आहे का. नाही सांगितलं तरी चाललं असतं. पण टिपणीस उठले. आजचं वाक्य सरळ, घरच्यासारखं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं.

"ऋजुता आणि दुआर्तच्या लग्नाला माझी संमती..."

अंतवेधीने गेल्या नऊ दिवसांत या माणसाचे तीनशे सात नकार ऐकले होते. त्याने जरासुद्धा वेळ न घालवता, स्वच्छ पोर्तुगीजमध्ये, संमती नसल्याचं जाहीर केलं.

सभागृहात कुणाच्या तरी हातातला फुलांचा गुच्छ पडला. निबंधक बाईंची लेखणी हवेत थांबली. दुआर्त पांढरा पडला. तीस-पस्तीस चेहरे टिपणीसांकडे वळले, आणि त्या सगळ्यांनी त्यांचं वाक्य ऐकून घेतलेलं होतं. टिपणीसांच्या तोंडात उरलेला शब्द होता, पण तो जीभ सोडेना. जन्मभर समोरच्याचा चेहरा बघून वाक्य संपवलेलं. आत्ता सगळे चेहरे एकच शेवट सांगत होते.

"थांबा!" पहिल्या रांगेतून ग्रासा कडाडली. चाळीस वर्षं यंत्रांवर मात केलेला तो आवाज होता. "कुणीही हलायचं नाही! त्यांचं झालेलं नाही! त्यांच्या भाषेत खरं काय ते शेवटी येतं!"

सगळे थांबले.

टिपणीसांनी आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं, इतक्या शांतपणे, त्यांच्या वाक्याच्या शेवटाची वाट बघत होती. असं याआधी कधीही घडलं नव्हतं. त्यांनी खांदे सरळ केले. घाई करावीशी त्यांना मुळीच वाटेना.

"म्हणजे या लग्नाला माझी," ते सावकाश म्हणाले, "आणि ऋजुताच्या आईची, जी असती तर सगळ्यांत पुढे बसली असती, आणि आमच्या दोघांच्याही घराची, सगळ्या बाजूंनी विचार करून, अगदी पूर्ण, मनापासून संमती..."

यंत्र प्रत्येक तुकड्यागणिक नकार देत होतं, आणखी आणखी ठाम होत. घराचा नकार. दिवंगत आईचा नकार. निबंधक बाईंनी कपाळाला हात लावला.

"बाबा," ऋजुता हुंदका आणि हसू यांच्या मधूनच ओरडली, "क्रियापद!"

"आहे," टिपणीस म्हणाले.

"माफ करा, म्हणजे..." अंतवेधी बोलायला लागलं, पण टाळ्यांमध्ये त्याचं पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.