नाव घेते, पण आधी

मंगल कार्यालयातला माईक मध्येच गप्प झाला, तेव्हा फारसं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. अलीकडे असं व्हायचं. फक्त नवरी तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली.

शर्वरीनं उखाणा नुकताच सुरू केला होता. "आरुषरावांची गाडी बंद पडली बार्शीच्या वेशीत, नाव घेते, पण आधी..." एवढं म्हणेपर्यंत आवाज गेला. माईकच्या दांड्यावरचा दिवा तांबडा झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आधी काय ते तरी सांग." लोक हसले आणि जेवायला उठले.

प्रवीण खंडागळे हसले नाहीत. तो माईक कोणामुळे बंद झाला, हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांना आणि शर्वरीला माहीत होतं.

शर्वरी त्यांच्या शेजारची. तिची आई कारखान्यात पाळ्यांवर कामाला असायची, म्हणून पोर लहानपणापासून प्रवीणरावांच्या बायकोच्या, सारिकाच्या, ओट्यापाशी वाढली. सारिका उखाणे करायची. चांदीचं ताट, सोन्याचा कळस असलं काही नाही. तिचा उखाणा घरातून सुरू व्हायचा आणि शेवटाला चिमटा काढायचा. 'कढी गेली उतू, प्रवीणराव उभे दारात, नाव घेतलं आता, पाय ठेवा घरात.' गावातल्या निम्म्या नवऱ्या तिच्याकडून उखाणा करून घ्यायच्या.

हळदीचे हात तसेच घेऊन शर्वरी त्यांच्याजवळ आली.

"काका, तो मी स्वतः केला होता. काकूंचा नव्हता."

"माहितीय मला."

"मग?"

प्रवीणरावांनी चपला पायात सरकवल्या. ते न जेवताच बाहेर पडले.

झालं होतं ते असं. जुना कायदा साधा होता. कल्पना कोणाच्याच मालकीची नाही, पण ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द मांडणाऱ्याचे. तो हयात असेपर्यंत त्याचे आणि पुढं साठ वर्षं त्याच्या वारसांचे. त्यासाठी कुठं नोंद करायचीही गरज नव्हती. शैली मात्र सगळ्यांना मोकळी होती. मग डॉ. इरा सबनीस यांनी घडणठसा शोधून काढला. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसंच वाक्याचं आहे. माणूस थांबतो कुठं, काय आधी सांगतो, चिमटा कुठं काढतो, यावरून दोन ओळींतही बोलणारा ओळखता येतो. तोवर यंत्रं एकही ओळ न चोरता कोणाच्याही शैलीत हजारो ओळी पाडायला लागली होती. म्हणून कायद्यानं शैलीलाही संरक्षण दिलं, आणि प्रत्येक सार्वजनिक माईकमध्ये ठसातपासणी आली. दुसऱ्याचा नोंदवलेला ठसा ओळखू आला की माईक बंद.

सारिका गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रवीणरावांनी तेलाची एक जाहिरात ऐकली. उखाणा सारिकाचा नव्हता, पण बोलणं तिचंच. उखाण्यात नाव भलत्याच माणसाचं. त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि कपडे करून रचनासंरक्षण मंडळाच्या कचेरीत गेले. तिचा ठसा नोंदवला. सगळे हक्क मंडळाकडे दिले, कारण भांडायला त्यांच्यात ताकद उरली नव्हती. जाहिरात बंद झाली. त्यांना बरं वाटलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा मंडळात गेले. डॉ. इरा तिथं सल्लागार होत्या. प्रवीणरावांच्या मुलीच्या वयाच्या असतील.

"पोरीला परवानगी द्यायचीय मला," प्रवीणराव म्हणाले. "संध्याकाळी पूजा आहे, तिथंही माईक आहे. तिथं तरी तिला नाव घेऊ दे."

"काका, परवानगी मालक देतो. तुम्ही हक्क हस्तांतरित केलेत. परवानगी म्हणजे घर भाड्यानं देणं. हस्तांतरण म्हणजे विकणं. मंडळ घेतलेलं परत देत नाही."

"पण ती सारिकाची नक्कल करत नाही हो. ती तशीच बोलते. बोलायला शिकली कोणाजवळ?"

"कळतंय मला. यंत्राला ते कळत नाही." इरांनी पडद्यावर सारिकाची नोंद उघडली. "एकच वाट आहे. नोंद मुळातच चुकीची होती, असं वारसानं सांगायचं. शैली त्यांची स्वतःची नव्हती, आईकडून, शेजारणींकडून आलेली होती. मग ठसा सगळ्यांना मोकळा."

"म्हणजे तिनं चोरलं म्हणायचं?"

"चोरलं नाही. तिचं असं काही नव्हतं, एवढंच."

"एवढंच," प्रवीणराव म्हणाले. ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. गेलेल्या बाईला आता कशाचं वाईट वाटणार? पोरगी मात्र जिवंत होती आणि तिला जन्मभर बोलायचं होतं.

"कुठं बोलायचं?"

इरांनी टेबलावरचा माईक पुढं केला. "तुमच्याच शब्दांत हवं. कोणी पढवून पाठवलं नाही ना, हे यंत्र तपासतं."

प्रवीणरावांनी घसा साफ केला. "सारिकानं थोडं आईकडून उचललं, थोडं शेजारणींकडून उचललं, आणि उचलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मला उचललं."

दिवा तांबडा झाला. पडद्यावर अक्षरं आली: निवेदन अग्राह्य. शब्द निवेदकाचे नाहीत. कर्ती: सारिका प्रवीण खंडागळे.

ते कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या सूचनेत होतं तसं कोरडं बोलून पाहिलं. "सदर शैली स्वतंत्र नव्हती, असे मी जाहीर करतो." पुन्हा तांबडा. शब्द निवेदकाचे नाहीत. स्रोत: मंडळाची सूचना.

"लग्नाआधी तुम्ही कसं बोलायचात, आठवतं का?" इरांनी हळूच विचारलं.

प्रवीणरावांनी आठवून पाहिलं. कामाची जागा आठवली, मित्र आठवले, निळा शर्ट आठवला. स्वतःचं एकही वाक्य आठवेना.

"तेवढं तिचं वेगळं काढता येत नाही का?"

"नाही काका. मी करून पाहिलंय. माझ्या वडिलांवर." त्यांनी पडदा बंद केला. "आई गेल्यावर."

प्रवीणरावांचा फोन वाजला. शर्वरी होती. "काका, झालं का काम? सगळे विचारतायत, संध्याकाळी नाव घेणार ना म्हणून."

उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. शेवटाला छोटासा चिमटाही होता, पोरीला हसू येईल असा. ते बोलणार, तेवढ्यात थांबले. हे वाक्य कोणाचं आहे, ते तपासू लागले.

"काका?" पलीकडून शर्वरी म्हणाली. "बोला ना."